उजवं पान आक्षेपाचं

खोली बघायला गेले, तेव्हा भाडं किती हे विचारायच्या आधीच घरमालकांनी माझ्या हातात एक लांबट वही ठेवली आणि म्हणाले, "बसा. आठवं प्रकरण वाचा. आक्षेप लिहा. मग बोलू."

मी कर्नाटकातल्या त्या सीमेवरच्या गावच्या मराठी शाळेत मास्तरीण म्हणून नुकतीच रुजू व्हायला आले होते. भालकीहून दिवसाला दोन बस यायच्या, त्यातल्या दुसरीनं उतरलेली. हातात ट्रंक, पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नाही, आणि हा कानावर लाल पेन्सिल खोचलेला म्हातारा मला आक्षेप मागायला लागलेला! वही उघडली. डावं पान मुंग्या शाईत बुडून चालत गेल्यासारख्या अक्षरांनी भरलेलं आणि उजवं पान कोरं. पुढचं उलटलं, तेही तसंच.

"मला काही आक्षेप नाही," मी म्हटलं.

"मग खोली बी न्हाई," ते अगदी शांतपणे म्हणाले.

माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असतो. मी उजव्या पानावर लिहिलं, 'अक्षर वाचता येत नाही, त्यामुळे विचार पटला की नाही हे सांगता येत नाही,' आणि खाली सही ठोकली. त्यांनी ते वाचलं. परत एकदा वाचलं. मग आत तोंड करून ओरडले, "अगं, ऐकलीस का? तेरा वर्षांत पयला खरा आक्षेप आलाय! चहा टाक!"

अशी मला खोली मिळाली. आणि चार दिवसांत त्या वह्यांची सुवाच्य प्रत करायचं काम गळ्यात पडलं, ते मी गाव सोडेपर्यंत सुटलं नाही.

सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. आमच्याच शाळेतून ते निवृत्त झालेले. एकदा म्हणे त्यांनी एका मुलाला गणितात नापास केलं होतं. मुलाच्या बापानं फारच धरणं धरलं म्हणून पेपर पुन्हा काढून बघितला, तर पोरगं बरोबर आणि गुरुजी चूक. त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. "एका पोराचा पेपर मी असा तपासला," ते सांगायचे, "मग माणसानं धर्म, नीती, इतिहास हे एवढे मोठे पेपर कसे तपासले असतील? कुणी घाईत पास करून टाकले, कुणी जात बघून नापास केले." म्हणून त्यांनी पुस्तक लिहायला घेतलं. नाव 'फेरतपासणी'. मी गेले तेव्हा अकरा वह्या झाल्या होत्या.

पद्धत अशी. डाव्या पानावर गुरुजींचा विचार, उजवं पान जगाला मोकळं. वही बगलेत मारून ते सकाळी निघायचे आणि हॉटेलात, पारावर, बस थांबते तिथं, जो सापडेल त्याला वाचून दाखवायचे. मग पेन्सिल पुढं. ज्याला लिहिता येत नाही त्याचा आक्षेप ते स्वतः लिहून घ्यायचे आणि खाली अंगठा घ्यायचे. लोक काय, वाट्टेल ते लिहायचे. एका पानावर 'पाऊस कधी पडणार ते लिहा, बाकी राहू द्या' असं आहे. एकावर खोकल्याचं औषध आहे. एका कंडक्टरनं लिहिलंय, 'गाडी लेट होत आहे.' गुरुजींनी त्याखाली लाल पेन्सिलीनं शेरा मारलाय, 'आक्षेप ग्राह्य.'

प्रत्येक विचाराला ते मार्कही द्यायचे, शंभरापैकी. 'पाहुणा म्हणजे देव' याला आधी साठ होते. मेव्हणा महिनाभर राहून गेल्यावर पंचेचाळीस केले. 'करावं तसं भरावं' याला दुष्काळाआधी चाळीस, दुष्काळानंतर बारा. "त्या साली गावातली जी लेकरं गेली, त्यांनी काय केलं होतं ते कुणीतरी मला लिहून द्यावं," ते म्हणायचे. त्या उजव्या पानावर कुणीच काही लिहिलं नाही. आणि 'गरिबाची अब्रू म्हणजे त्याची गप्प बसण्याची ताकद' असं कुणीतरी भाषणात म्हणालं होतं, त्याला भला मोठा भोपळा.

धर्मांतराच्या वेळी गुरुजी ऐन पंचविशीतले. घरचे देव टोपलीत घालून गावच्या तळ्यात सोडले ते त्यांनीच. म्हणून त्यांच्या माणसांना वाटायचं, आता हे दुसऱ्यांच्या धर्माची चांगली हजेरी घेतील. पण गुरुजींनी पहिल्या तीन वह्या आपल्याच धर्मावर खर्ची घातल्या. एकदा बाहेरगावचे भन्ते आले, प्रवचन झालं, लोकांनी हात जोडले, आणि हे वही घेऊन पुढं! विहारातली पोरं चिडली. "गुरुजी, आपल्याच धर्माची कामून उलटतपासणी करायलाव?" गुरुजी म्हणाले, "आधी घर झाडावं, मग आंगण. आणि उलट न्हाई रे, फेर."

माझे वडील धनगर. मेंढरं विकून शेती घेतलेली, स्वभाव मात्र मेंढपाळाचाच. हाताखाली काठी नसली तर त्यांना बोलता यायचं नाही. मी बौद्धाच्या घरी खोली घेतली हे कळल्यावर काठी घेऊनच आले. ओसरीवर बसेनात. गुरुजींनी त्यांच्यापुढं वही धरली. "आक्षेप हाय न्हवं? मग हितं लावा अंगठा." वडिलांनी रागारागात अंगठा दाबला. "कशावर हाय आक्षेप?" "खोलीवर!" गुरुजींनी तो अंगठा फुंकर घालून वाळवला आणि खाली लिहिलं, 'आक्षेप पोचला. विचार चालू आहे.' ते काय लिहिलंय हे विचारण्यात वडिलांचा तासभर गेला, तेवढ्यात भाकरी झाली, आणि वडील जेवूनच गेले. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जे झालं नव्हतं ते असं झालं. मला त्या दिवशी गुरुजींच्या पाया पडावंसं वाटलं होतं, पण तेवढ्यात त्यांनी माझ्या एका ऱ्हस्व वेलांटीवरून माझं डोकं खाल्लं, मग राहून गेलं.

त्यांचा हुकमी सवाल एकच होता, "मान्य. पण कुणी बघितलं?" कुणी म्हणो अमक्या राजानं किल्ला बांधला, कुणी म्हणो तमक्याची बायको पळाली, गुरुजींचं हेच. त्यांच्या बायकोला मी अक्का म्हणायचे. अक्काला त्या सवालाचा वीट आला होता. "आपलं लगीन झालं ते तरी कुणी बघितलं?" ती स्वयंपाकघरातून विचारायची. "पंगतीतले सगळे मेले. आता पुरावा कुठं हाय? निघू का मी माहेराला?" त्या अकरा वह्यांत जगातल्या सगळ्यांचे आक्षेप होते, आणि अक्काचा एकही नव्हता. गुरुजींनी कधी मागितला नाही, तिनं कधी दिला नाही. त्या वह्या ती फक्त झाडायच्या वेळी उचलायची.

आता तळ्याचं सांगायला पाहिजे, कारण आठवं प्रकरण तेच.

गावाच्या वरच्या अंगाला जुनं दगडी बांधाचं तळं आहे, बांधात शेतांना पाणी सोडायची मोरी आहे. त्याची गोष्ट अशी सांगतात की बांध टिकेना, पाणी ठरेना, तेव्हा एका घरची नवी सून आपल्या खुशीनं पाण्यात उतरली, बुडाली, आणि पाणी ठरलं. ती सून गुरुजींच्या घराण्यातली. त्याबद्दल घराण्याला थोडी इनाम जमीन मिळाली आणि 'पाण्याचा मान' मिळाला. मान काय, तर दरवर्षी येळवशीच्या, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळा अमावस्येच्या आधी, ऐन थंडीत, घरातल्या सगळ्यांत नव्या सुनेनं सकाळी छातीभर पाण्यात उभं राहायचं. पाटील बांधावर येणार, नारळ फोडणार, साडी देणार, मग तिनं बाहेर यायचं. पाटलांचा नाष्टा लवकर आटपला तर अर्धा तास, नाही तर पोरगी काकडत उभी.

धर्म बदलला तरी हे चालूच होतं. गुरुजींचे थोरले भाऊ, त्यांना सगळे अप्पा म्हणत, ते म्हणायचे, "ह्यो देव न्हाई, मान हाय. सगळ्या गावात पाटील आपल्या दारी येतो तो येवढाच एक दिवस." गुरुजी त्यावर एकदाच बोलले होते, पण ते बोलणं गावाच्या ध्यानात राहिलं: "देव पाण्यात सोडले, पण सुना पाण्यात सोडायचं काय सुटंना."

आठव्या प्रकरणात गुरुजींचं म्हणणं होतं की ती सून बुडालीच नाही. ती पळाली. त्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलेलं. निजामाच्या काळातला जमिनीचा उर्दू कागद हैदराबादेहून उतरवून आणला. त्यात जमीन तळं राखण्याच्या कामाबद्दल दिलीय असं आहे, बळीबिळीचं नाव नाही. मंठाळच्या पलीकडं एका वाडीत एक घराणं शोधलं, त्यांच्या बायका आमच्या गावची साडी घेत नाहीत. कामून, तर म्हणे आमची मूळची आजी तिकडून वल्ल्या लुगड्यानं आली होती. झालं! गुरुजी तिथून नाचतच परत आले. पण मधला दुवा मिळेना. ती पाण्यातून बाहेर आली हे सांगणारं कुणीच नाही. आठव्या प्रकरणाला त्यांनी स्वतःच पन्नास मार्क दिले होते आणि पुढं सरकत नव्हते.

त्या वर्षी अप्पांच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं. सून आली सुजाता, बारकी, हसरी, माझ्याकडं येऊन कानडी शिकायची. पाण्याचा दिवस जवळ आला तेव्हा तिला सातवा लागला होता आणि पायांवर सूज होती. दवाखान्यातल्या नर्सबाईनं ऐकल्या ऐकल्या कपाळाला हात लावला. "थंड पाण्यात? छातीभर? वेड लागलंय का तुम्हाला?" अप्पा म्हणाले, "आमची आई आठव्यात उभारली होती." सुजाताचा नवरा बापापुढं तोंड उघडायचा नाही. सुजाता माझ्या खोलीत येऊन पाठीला भिंत लावून बसली आणि म्हणाली, "बाई, मला लई भ्या वाटायलंय." मला रडूच आलं.

मानाची तयारी ठरवायला रविवारी सकाळी अप्पांच्या अंगणात भावकी बसायची. गुरुजी म्हणाले, मी आठवं प्रकरण वाचून दाखवतो. माझ्या सुवाच्य प्रतीतून तासभर वाचलं त्यांनी. एरवी त्यांचं वाचन म्हणजे लोक जांभया द्यायचे, त्या दिवशी कुणी हललं नाही. एका अंगाला बायका येळवशीच्या भज्जीसाठी, म्हणजे सणाच्या मिसळीच्या भाजीसाठी, वालाच्या शेंगा सोलत होत्या, त्यांचेही हात थांबले. मला वाटलं, जिंकलं.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. कागदाचं मान्य केलं. वाडीच्या बायकांचंही मान्य केलं. मग म्हणाले, "बरं. ती पाण्यातनं भाईर आली म्हणायलास. मान्य. पण कुणी बघितलं?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला.

"कुणी न्हाई," ते म्हणाले.

"लिवलेलं हाय कुठं?"

"न्हाई."

"मग झालं तर," अप्पा म्हणाले. "पोरगी उभारंल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, एक शब्द! 'आहे लिहिलेलं, उर्दूत आहे' म्हणायचं. तिथं उर्दू वाचणारं दुसरं कोण होतं? जन्मभर खऱ्याला कवटाळलं, ते एका लेकराच्या जिवाहून मोठं झालं? मी उठून बोलणार तेवढ्यात बायकांतून आवाज आला.

"मला इचारा की," अक्का म्हणाली. मांडीवरच्या शेंगा खाली ठेवून ती उभी राहिली. "मी उभारलेली हाय पाण्यात. लगीन झाल्या साली. सासूबाईंनी मला पाण्यात सोडताना कानात सांगितलंय. मोरीच्या बाजूला पाण्याखाली तीन पायऱ्या हायत. पयली सून त्या पायऱ्यांनी भाईर पडली न् गेली. सासर लई जड झालं तर वाट हाय, ध्यानात ठेव, पर गडीमाणसांना सांगू नको, म्हणाल्या. म्हणून आजवर सांगितलं न्हाई."

अप्पा सावकाश आपल्या बायकोकडं वळले. ती खालच्या मानेनं शेंगा सोलत होती. एक शेंग सोलून झाली, मग म्हणाली, "व्हय. मला बी सांगितलं होतं."

कोपऱ्यात त्यांची चुलती बसली होती, ऐंशी पार केलेली, ठार बहिरी. तिनं शेजारणीला विचारलं काय चाललंय. शेजारणीनं कानात ओरडून सांगितलं. म्हातारी म्हणाली, "तीन? तीन कुठल्या? चार हायत की!"

"तीनच हायत आत्या," अक्का तिच्यापुढं तीन बोटं नाचवत ओरडली.

"तुला काय ठाऊक? मी तुझ्या आधी उभारलेली हाय. चार!"

दोघी हमरीतुमरीवर आल्या. आणि ते भांडण ऐकूनच अप्पांची खात्री पटत चाललेली मला समोर दिसत होती. बायका पायऱ्या किती यावरून भांडायल्यात म्हणजे पायऱ्या असणारच! शेवटी ते हताश होऊन म्हणाले, "मग आम्ही इतकी वर्सं साडी कुणाला नेसवायलो?" आणि भावाकडं बघितलं. "तू बोल. तुझा हाय का काही आक्षेप?"

मी देव मानणाऱ्यांतली. मनातल्या मनात बिरोबाला हाक मारली. आता हे म्हणणार, कुणी बघितलं.

गुरुजींनी वही मिटली. "माझा आक्षेप न्हाई," म्हणाले.

सुजाता त्या वर्षी बांधावर कोरडीच बसली आणि साडी तिच्या मांडीवर ठेवली गेली. पाटलांनाही बरं वाटलं, त्यांना सर्दी होती. पुढच्या वर्षापासून कुणीच पाण्यात उतरलं नाही. सुजाताला मुलगी झाली, गोरीपान, रडकी. मी तिचं अंगडं शिवलं होतं.

त्या रविवारी घरी येताना एरवी चार पावलं पुढं चालणारे गुरुजी अक्काच्या बरोबरीनं चालत होते. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात तिला मदत करायला बसले. "अक्का, केवढं गुपित तुम्ही पोटात ठेवलं होतं हो!"

अक्का भाकरी थापता थापता फिसकन हसली. "कसल्या पायऱ्या न् कसलं काय. सासू एक शब्द बोलली न्हाई त्या दिवशी. काठावर उभारून रडायलती, येवढं खरं."

मी तोंडावर हात ठेवला. "मग जाऊबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं?"

"न्हाई ग. कशाला सांगायला पायजे? ती बी उभारली होती न्हवं पाण्यात." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आणि हे बघ, ह्यांना सांगू नको. लई खुश हायत बिचारे. जलमभर पुरावा पायजे, पुरावा पायजे म्हणून जीव टाकायलते. मिळाला त्यांना."

मी कबूल केलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आठव्या प्रकरणाची शेवटची प्रत करायला बसले. गुरुजींनी नवं पान लिहून दिलं होतं. मी उतरवत गेले, उतरवत गेले आणि थांबले. उर्दू कागद होता, वाडीच्या बायका होत्या. अक्काच्या पायऱ्या नव्हत्या. उलट शेवटी स्वच्छ लिहिलं होतं, 'ती पाण्याबाहेर कशी आली, याचा पुरावा मिळाला नाही.' मार्क पन्नासच.

"गुरुजी, अक्कांचं सांगणं राहिलं की हो ह्यात."

त्यांनी दाराकडं बघितलं. मग खुर्ची पुढं ओढली. "बाई, दुष्काळाच्या साली तळं ठणठणीत कोरडं पडलं होतं. मी फूटपट्टी घेऊन आत उतरलो होतो. मोरीपाशी सपाट दगडी भिंत हाय. पायरी एक बी न्हाई."

माझ्या हातातला पेन तसाच राहिला. "म्हणजे अंगणात बसूनच तुम्हाला ठाऊक होतं? मग गप कामून बसलाव?"

"सुजाताला सातवा होता," ते म्हणाले.

त्या रविवारी मी त्यांना मनात जे जे बोलले होते ते सगळं मलाच लागलं.

"आणि बाई, हिला सांगू नका," त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "मी फसलो असं वाटायलंय तिला. इतक्या वर्सांत पयल्यांदाच तिनं माझ्या पुस्तकाला हात लावलाय."

तेवढ्यात अक्का चहा घेऊन आली. दोघांची डोकी जवळ आलेली बघून उंबऱ्यातच थांबली. "काय कुजबुजायलाव?"

गुरुजी कानापर्यंत लाल झाले. "काई न्हाई," ते म्हणाले. "वेलांट्या बघायलो."

त्यांच्या तोंडून खोटं ऐकलं ते मी तेवढंच, आणि तेसुद्धा त्यांना धड जमलं नाही. अक्कानं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि "बघा बघा," म्हणत बशीत चहा ओतून त्यांच्यापुढं सरकवला.